मधल्या खुर्चीतील माणूस : आपले अधिकारी व कामातील समाधान

आपल्या संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात गुणवंत विद्यार्थ्यांबरोबर नोकरीत बढती मिळालेल्या सभासदांचाही सत्कार होतो. शाल, गुलाबपुष्प, टाळ्या. सूत्रसंचालक मोठ्या आवाजात पदाचे नाव सांगतो, आणि खाली बसलेल्या मंडळींत हळूच दुसरी चौकशी सुरू होते. पगार किती? क्वार्टर मिळणार का? गाडी आहे का? यात गैर काही नाही. ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या पगार हा शब्दच माहीत नव्हता, त्याने पगाराची चौकशी करावी हे साहजिक आहे. परंतु इतक्या वर्षांत आम्ही एकदाही कोणाला असे विचारताना ऐकले नाही की, 'साहेब, तुमच्या टेबलावर काम कोणते येते? त्यात तुमचे मन लागते का?' प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

प्रथम 'मधला अधिकारी' कोणाला म्हणायचे ते ठरवून घेऊ. ज्याच्या हाताखाली दहा-वीस माणसे आहेत, आणि ज्याच्या डोक्यावरही दोन-तीन साहेब आहेत, तो मधला अधिकारी. मंत्रालयातील कक्ष अधिकारी, महापालिकेतील उपअभियंता, बँकेचा शाखा व्यवस्थापक, रेल्वेतील सेक्शन इंजिनिअर, कारखान्यातील शिफ्ट इनचार्ज, खाजगी कंपनीतील डेप्युटी मॅनेजर हे सारे त्यात आले. धोरण वरचे ठरवतात, काम खालचे करतात आणि दोघांची बोलणी मधला खातो, असे गमतीने म्हटले जाते. ते बरेचसे खरे आहे.

आमचे बाळकूम हे मूळचे आगरी-कोळी बांधवांचे खाडीकाठचे गाव. कापूरबावडीपासून कोलशेत, माजिवडे, पोखरण रस्ता आणि वागळे इस्टेट असे कारखाने उभे राहत गेले, तसतशी घाटावरून व कोकणातून आलेली आपली माणसे तेथे हेल्पर, पॅकर, वॉचमन, बदली कामगार म्हणून चिकटली. त्यांची मुले रात्रशाळेत, महाविद्यालयात गेली. कोणी १९८२ साली स्थापन झालेल्या ठाणे महानगरपालिकेत, कोणी बँकेत, रेल्वेत, टेलिफोन खात्यात कारकून म्हणून लागली. त्यांतूनच आजचे अधिकारी निघाले. त्यांपैकी अनेक कारखाने बंद पडले, त्यांच्या जागी उंच मनोरे आले. सांगण्याचा मुद्दा असा की, आपला अधिकारी बहुधा घरातला पहिलाच असतो जो हात असलेल्या खुर्चीवर बसला. त्या खुर्चीवर कसे बसावे हे त्याला घरात कोणी सांगितलेले नसते, आणि तेथे काय बोचते हे घरात सांगितले तरी कळत नाही.

बडोदे आणि दिल्ली

आपल्यातील अशा पहिल्या अधिकाऱ्याची हकिकत सर्वांना तोंडपाठ आहे, पण ती या दृष्टीने वाचली जात नाही. शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करणे बाबासाहेबांना बंधनकारक होते. १९१७ साली ते तेथे अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवारीवर रुजू झाले. महाराजांचा हेतू चांगला होता, पदवी कोलंबिया विद्यापीठाची होती, पगारही ठरलेला होता. पण शिपाई फायली दुरून टाकत आणि शहरात राहायला खोली मिळेना. पारशी खानावळीतला मुक्काम अकराव्या दिवशी संपला आणि थोड्याच दिवसांत बडोदेही सुटले. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावर तेथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांची कुरकुर झालीच. मात्र तेथे वर्ग त्यांच्या हाती होता, शिकवणे त्यांचे होते, आणि बाहेरच्या कॉलेजांतील विद्यार्थीही त्यांच्या व्याख्यानाला येऊन बसत.

आता १९४२ ते १९४६ हा काळ पाहा. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे आले, आणि त्याबरोबर पाटबंधारे व वीज यांचेही काम आले. दामोदर खोऱ्याची योजना, मजुरांचे कायदे, सेवायोजन कार्यालये अशा कितीतरी फायलींवर त्यांचा शब्द चालला. माणूस तोच, विद्वत्ता तीच. बडोद्यात नाव अधिकाऱ्याचे होते आणि अधिकार नव्हता. दिल्लीत अधिकार होता. आमच्या मते समाधानाचा सगळा प्रश्न या दोन नोकऱ्यांमधील अंतरात आहे.

याच काळात, १९४३ साली, केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. १९४६ मध्ये तो आकडा साडेबारा झाला आणि १९७० मध्ये पंधरा. धर्मांतरानंतर आपल्या बांधवांची केंद्राच्या सवलतींच्या बाबतीत जी कोंडी झाली ती १९९० च्या कायद्याने सुटली. तोपर्यंत कित्येकांना घरी बुद्धवंदना व दाखल्यावर जुनी जात असे दुहेरी जगावे लागले. १९९२ च्या मंडल निकालाने बढतीतील आरक्षणाला मुदत घातली, १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने ते पुन्हा उभे केले. महाराष्ट्रात २५ मे २००४ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरवला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने बढतीची पदे सेवाज्येष्ठतेने भरण्याचे ठरले. हा तपशील एवढ्याचसाठी दिला की, ज्याने आपले सारे समाधान पुढच्या बढतीवर ठेवले, त्याचे समाधान दर काही वर्षांनी कोर्टाच्या तारखेला टांगले जाते.

पंख्याचे उदाहरण

कामातील समाधानाचा शास्त्रीय अभ्यास पुष्कळ झाला आहे. त्यात अमेरिकेतील फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे १९५९ चे काम प्रसिद्ध आहे व व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेला असते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांना विचारले की, नोकरीत फार बरे केव्हा वाटले आणि फार वाईट केव्हा वाटले. उत्तरे दोन वेगवेगळ्या कप्प्यांत पडली. वाईट वाटण्याची कारणे पगार, साहेबाचे वागणे, कचेरीचे नियम, बसण्याची जागा अशी होती. बरे वाटण्याची कारणे मात्र काही तडीस नेले, कोणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, कामच आवडीचे होते, अशी होती. म्हणजे असमाधान दूर झाले की समाधान आपोआप येते, असे नाही. कचेरीतला पंखा बंद असला तर दिवसभर चिडचिड होते; पण पंखा चालू होता म्हणून आनंदाने घरी गेलेला माणूस आम्ही पाहिलेला नाही.

हा सिद्धांत आपल्या सभासदांच्या अनुभवाशी ताडून पाहिला तेव्हा दोन ठिकाणी तो जसाच्या तसा बसेना. एक, पगार. पहिल्या पिढीतल्या नोकरदाराचा पगार हा केवळ पंखा नसतो. त्यातून धाकट्या भावाची फी जाते, गावच्या घराचे पत्रे बदलतात, आईचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होते. पहिली दहा-पंधरा वर्षे पगार खरोखर समाधान देतो, आणि तेही भरपूर. पुढे मुले मार्गी लागली, घराचे हप्ते संपत आले की पंचेचाळिशीच्या सुमारास तोच माणूस गप्प होऊ लागतो. घरच्यांना वाटते, शुगर वाढली असेल.

दुसरे, साहेबाचे वागणे. हर्झबर्ग यांनी ते पंख्याच्या कप्प्यात टाकले. आपल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत मात्र काम कोणते द्यायचे, जबाबदारी किती सोपवायची, केलेल्या कामाची नोंद कोणाच्या नावावर घालायची, हे तोच वरिष्ठ ठरवतो. समाधानाच्या नळाची चावीच त्याच्याकडे असते. म्हणून 'साहेबाकडे लक्ष देऊ नका, आपण आपले काम करावे' हा सल्ला ऐकायला बरा असला तरी, ज्याला कामच दिले जात नाही त्याला तो लागू पडत नाही.

समुद्रापलीकडील भावंडे

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये शिकले, १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दुबॉईस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. हे नाते जुने आहे. तेव्हा तिकडच्या मधल्या अधिकाऱ्यांचे काय झाले हे पाहणे आपल्या उपयोगाचे आहे.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अमेरिकेत नोकरीतील वर्णभेदाला बंदी झाली आणि कंपन्यांचे दरवाजे थोडे उघडले. १९७३ साली एडवर्ड जोन्स या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाने हार्वर्डच्या व्यवस्थापनविषयक नियतकालिकात स्वतःचा अनुभव लिहिला. १९८६ मध्ये त्यांनीच पुन्हा लिहिले तेव्हा बहुतेक मंडळी मधल्या पायरीवर येऊन अडकली आहेत असे त्यांना आढळले. १९९० मध्ये ग्रीनहाउस, परशुरामन व वर्मली या तीन संशोधकांनी ८२८ कृष्णवर्णीय व गोऱ्या व्यवस्थापकांची आणि त्यांच्या वरिष्ठांच्या मतांची तुलना प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय व्यवस्थापकांना आपण संस्थेत सामावलो असे कमी वाटत होते, कामात स्वतःच्या निर्णयाला वाव कमी होता, वरिष्ठांनी दिलेले गुण कमी होते आणि आपल्या एकूण वाटचालीबद्दल समाधानही कमी होते. या चार गोष्टींची एकमेकींशी असलेली साखळी वाचकांनी ध्यानात घ्यावी. वाव नसेल तर काम दिसत नाही, काम दिसले नाही तर गुण मिळत नाहीत, आणि गुण नाहीत म्हणून पुढे पुन्हा वाव दिला जात नाही.

याहून आम्हाला अधिक शिकवून गेला तो शॅरन कॉलिन्स यांचा अभ्यास. १९९७ च्या त्यांच्या ग्रंथात शिकागोतील ७६ कृष्णवर्णीय बड्या अधिकाऱ्यांची हकिकत आहे. त्यांतील पुष्कळांना कंपन्यांनी विक्री, उत्पादन, वित्त या मुख्य कामांतून काढून 'समाजसंपर्क' आणि 'समान संधी' अशा विभागांवर बसवले. हुद्दा मोठा, पगार मोठा, सभासमारंभात मान मोठा. पण कंपनीचा पैसा जेथून येतो व जातो त्या कामाशी संबंध तुटला. पुढे सरकारचा दबाव ओसरला, काटकसर आली, तेव्हा हेच विभाग आधी कमी झाले, आणि तोवर मुख्य काम हातचे गेलेले होते.

आपल्याकडे याला नाव आहे : साइड पोस्टिंग.

साइड पोस्टिंग

आमच्या परिचयातील एक अभियंते. एका स्थानिक स्वराज्य संस्थेत उपअभियंता झाले तेव्हा वस्तीत पेढे वाटले गेले. त्यांना अभिलेख कक्ष आणि जुन्या नकाशांचा चार्ज मिळाला. केबिन होती, शिपाई होता, येण्याजाण्यास जीपही होती. फाईल नव्हती. सहा वर्षांत त्यांच्या सहीने एक गटारसुद्धा बांधले गेले नाही. त्यांच्या मागून आलेल्यांनी पूल बांधले, आणि पुढे बढतीच्या वेळी 'प्रत्यक्ष कामाचा अनुभव कमी' असा शेरा त्यांच्याच नावापुढे आला. गृहस्थ शांत स्वभावाचे. निवृत्तीनंतर त्यांनी विहाराच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक स्वतः बसून केले, सिमेंटच्या गोण्या स्वतः मोजून घेतल्या. इतके खुशीत आम्ही त्यांना नोकरीत असताना कधीच पाहिले नव्हते.

साइड पोस्टिंगची तक्रार करणाऱ्यांत काहींची खंत वेगळी असते, हेही सांगून टाकू. 'मलईदार' टेबल मिळाले नाही म्हणून जे हळहळतात, त्यांच्यासाठी हा लेख नाही. अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका का घातली आहे हे त्यांनी स्वतःच पाहावे.

दुसरे उदाहरण एका ताईंचे. सरकारी बँकेत कर्ज विभागात अधिकारी. त्यांच्या पहिल्या दोन वरिष्ठांनी त्यांचा प्रत्येक प्रस्ताव काही ना काही शंका काढून परत पाठवला. पाहुणे आले की चहापाण्याची व्यवस्था मात्र ताईंकडे. तिसरे वरिष्ठ आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितले, 'तुमच्या अधिकाराच्या मर्यादेतली कर्जे माझ्याकडे पाठवायची नाहीत. सही तुमची, जबाबदारी तुमची.' ताईंनी खाडीकाठच्या मासळी विकणाऱ्या बायकांच्या बचत गटाचे कर्ज मंजूर केले, दर महिन्याला स्वतः जाऊन वसुली पाहिली, आणि ते कर्ज पूर्ण फिटले. पगार तोच, पद तेच, शाखा तीच. बदलले ते एवढेच की कोणीतरी नियमानुसार असलेला अधिकार नियमानुसार वापरू दिला. हे वरिष्ठ आपल्या समाजाचे नव्हते. सगळे वरिष्ठ एका माळेचे मणी आहेत असे मानणाऱ्यांसाठी हे मुद्दाम नमूद केले.

राहता राहिले संपर्क अधिकारी, कल्याण अधिकारी, आरक्षण कक्ष. ही पदे आपल्या माणसाला हमखास मिळतात आणि तो ती हमखास नाराजीने घेतो. आमचे मत थोडे निराळे आहे. बिंदुनामावली ज्याला खरोखर वाचता येते, २ जुलै १९९७ च्या आदेशाने रिक्त जागांऐवजी पदांवर आधारित रोस्टर आल्यामुळे नेमके काय बदलले हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातात हे टेबल साइडचे राहत नाही. एक चुकलेला बिंदू दाखवून दिला की एका घरात नोकरी जाते. परंतु हे काम मुख्य कामाबरोबर असावे. कोणी आयुष्यभर फक्त तेच दिले, तर शिकागोच्या ७६ जणांची आठवण ठेवावी.

'कोट्यातला'

मधल्या अधिकाऱ्याचे समाधान पोखरणारी आणखी एक कीड म्हणजे ही पाठीमागची कुजबुज. अर्जुन डांगळे यांच्या एका कथेत रेल्वेतील वाघमारे नावाचा अधिकारी बढती मिळाल्याच्या आनंदात आहे, आणि तो आनंद कचेरीतील बोलण्यांनी व घरी मुलाला पाण्यावरून बसलेल्या माराने विरून जातो. कथा जुनी असली तरी पहिल्या भागातील कुजबुज आजही ऐकू येते.

या कुजबुजीला रेल्वेच्याच आकड्यांनी उत्तर दिले आहे. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे व थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेची १९८० ते २००२ या काळातील आकडेवारी तपासली. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने रेल्वेची उत्पादकता घटली, असा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट अ आणि ब श्रेणीच्या, म्हणजे अधिकारी पदांच्या बाबतीत काही ठिकाणी परिणाम चांगला दिसला. विद्यार्थी मित्रांनी हा अभ्यास नावानिशी लक्षात ठेवावा. वादात आवाज चढवण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

पण कुजबुजीचा खरा तोटा आकड्यांत मोजता येत नाही. ती ऐकून आपला अधिकारी स्वतःला सिद्ध करण्याच्या मागे लागतो. दुप्पट काम करतो, रजा घेत नाही, चूक झाली तर विचारायला कचरतो, आणि हाताखालच्या माणसावर काम सोपवत नाही, कारण त्याची चूक आपल्या जातीच्या खात्यात जमा होईल ही धास्ती. परिणामी तो कारकुनाचे काम उत्तम करणारा अधिकारी होतो. असे कष्ट करून रात्री नऊला घरी आलेल्या माणसाला थकवा येतो, समाधान येत नाही.

खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, तेथे तरी ही कुजबुज नसेल, असे आपल्या मुलांना वाटते. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत जाणाऱ्यांनी दोन अभ्यास जाणून घ्यावेत. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांनी ६६ आठवडे खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले; पात्रता सारखी, आडनावे वेगळी. २००७ मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला की, उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश राहते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका व कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतील मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. जातीचा आम्ही विचारच करत नाही असे सांगणारे हेच अधिकारी 'घरची पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत होते. वडील वॉचमन होते हे सांगताना ज्याचा आवाज खाली जातो, त्याने आरशासमोर हे एक वाक्य आधी म्हणून पाहावे. आम्ही गंमत करत नाही. संस्थेच्या मार्गदर्शन वर्गात मुलाखतीचा सराव घेताना बहुतेक मुले याच वाक्याला अडखळतात.

लपवण्याचे श्रम

आडनावावरून आठवले. कित्येक अधिकारी कचेरीत आपली ओळख लपवतात. डब्यात काय आहे, देव कोणता, लग्न कोणत्या पद्धतीने झाले, १४ एप्रिलला सुटीत काय केले, प्रत्येक प्रश्नावर एक तयार उत्तर ठेवावे लागते. त्यांना दोष देणे सोपे आहे. सोसायटीत फ्लॅट मिळेना म्हणून गप्प बसलेली माणसे आम्हाला माहीत आहेत. पण या राखणीत माणसाची किती शक्ती जाते याचा हिशेब कोणी करत नाही.

याच्या उलट उदाहरण पुण्याचे. १९६० च्या दशकात तेथील संरक्षण खात्याच्या स्फोटके संशोधन प्रयोगशाळेत बुद्ध जयंती व आंबेडकर जयंतीच्या सुट्या रद्द झाल्या. दीनाभाना या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने हरकत घेतली व त्यांना निलंबित व्हावे लागले. तेथेच संशोधन विभागात असलेले कांशीराम त्यांच्या बाजूने उभे राहिले, डी. के. खापर्डे यांचीही साथ मिळाली, आणि अखेर सुट्याही परत मिळाल्या व दीनाभानाही कामावर आले. यातूनच पुढे ६ डिसेंबर १९७८ रोजी बामसेफ ही नोकरदारांची संघटना स्थापन झाली. त्या संघटनेच्या पुढील राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. आमचा मुद्दा कचेरीपुरता आहे. चांगली नोकरी असलेल्या माणसाला तिच्यात न मिळालेले काहीतरी, एका शिपायाच्या बाजूने उभे राहिल्यावर मिळाले.

१८ मार्च १९५६ च्या आग्र्याच्या भाषणात बाबासाहेबांनी शिकलेल्या नोकरदारांविषयी जी व्यथा मांडली, ती आपल्या प्रत्येक सभेत सांगितली जाते. ती सांगावीच. मात्र हल्ली तिचा उपयोग अधिकाऱ्याला मंचावर बसवून समोरून झोडपण्यासाठी होतो, आणि झोडपलेला अधिकारी पुढच्या वर्षी वर्गणी पाठवतो, स्वतः येत नाही. त्याला कचेरीत काय सोसावे लागते, त्याच्याकडे कोणते ज्ञान आहे, हे कोणी विचारले असते तर तो बहुधा आला असता. वर्गणीपेक्षा आपल्याला त्याची टिपणी लिहिण्याची कला, निविदेचे नियम, कर्जप्रस्तावातील खाचाखोचा यांची गरज जास्त आहे. आणि ज्याला कचेरीत सहा वर्षे कोणी काही विचारले नाही, त्याला दर रविवारी दहा मुलांनी प्रश्न विचारणे ही काय चीज आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

अहवालाची गोष्ट

शेवटी एका कागदाविषयी. पूर्वी त्याला गोपनीय अहवाल किंवा सी.आर. म्हणत, आता कार्यमूल्यमापन अहवाल म्हणतात. वर्षभराच्या कामाला वरिष्ठ जी प्रतवारी देतो ती यात असते, आणि बढती त्यावर ठरते. पूर्वी फक्त प्रतिकूल शेरा कळवत. 'चांगला' हा शेरा प्रतिकूल नाही म्हणून कळवत नसत. पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' लागत असेल तर 'चांगला' हाच घात करी. माणसाला न शिवता, न ओरडता, एका शब्दाने मागे ठेवण्याची ही रीत होती.

देव दत्त हे सीमा रस्ते सेवेतील कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता पदासाठी सलग पाच वर्षे 'अतिशय चांगला' प्रतवारी आवश्यक होती. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' असे होते, ते त्यांना कधी कळवलेच गेले नाही, आणि बढती हुकली. हा खटला जातीचा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला की, प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. तरी त्यांना ती नोंद कळवावी, त्यांचे म्हणणे घ्यावे, आणि प्रतवारी सुधारली तर बढतीचा विचार मागील तारखेपासून करावा, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर केंद्र सरकारच्या १४ मे २००९ च्या आदेशाने २००८-०९ पासूनचा संपूर्ण अहवाल कर्मचाऱ्याला दाखवणे आवश्यक झाले.

आपले पुष्कळ अधिकारी आजही तो न वाचता सही करून परत देतात. साहेब नाराज होतील ही भीती, किंवा 'काय उपयोग' हा कंटाळा. अहवालातील वर्षभरात आपण काय केले हे सांगणारा भाग स्वतः लिहायचा असतो. तो 'नेमून दिलेली सर्व कामे केली' अशा एका ओळीत संपवू नये. किती प्रकरणे, किती रकमेची, किती दिवसांत, हे आकड्यांत लिहावे. त्यासाठी वर्षभर एका वहीत नोंद ठेवावी. मार्चअखेर आठवत बसल्यास निम्मे सुटते. मुख्य काम मागूनही मिळाले नसेल, तर ज्या तारखेला लेखी मागितले ती तारीखही त्यात यावी. केंद्राच्या नियमानुसार अहवाल मिळाल्यापासून १५ दिवसांत आपले निवेदन देता येते व त्यावर ३० दिवसांत निर्णय व्हावा लागतो. राज्य शासन, बँका व महामंडळांचे नियम आपापल्या आस्थापना शाखेत विचारून घ्यावेत. मुदत अहवाल हाती पडल्यापासून मोजली जाते, म्हणून पोच देताना सहीखाली त्या दिवसाची तारीख घालावी आणि अहवालाची एक प्रत घरी ठेवावी.